मॅरोनाइटांची विद्यापरंपरा : लेबनॉनच्या दऱ्यांपासून रोमपर्यंत

लेबनॉनचे नाव मराठी वृत्तपत्रांत बहुधा युद्धाच्या, स्फोटाच्या किंवा कोसळलेल्या सरकारच्या बातमीसोबत येते, आणि त्या बातमीत ‘मॅरोनाइट’ हा शब्द आलाच तर तो त्या देशाचा राष्ट्राध्यक्ष याच पंथाचा असावा या १९४३ पासूनच्या राजकीय संकेतापुरता येतो. पण युरोपला सिरियाक आणि अरबी भाषांचे शास्त्रशुद्ध ज्ञान ज्यांनी करून दिले, अरब जगाच्या या भागातील पहिला छापील ग्रंथ ज्यांच्या मठात तयार झाला आणि एकोणिसाव्या शतकातील अरबी भाषेच्या नवजागरणाला ज्यांच्या शाळांनी माणसे पुरवली, तो हाच समाज होता. त्याची लोकसंख्या आजही जगभर मिळून काही दशलक्षांच्या पलीकडे जात नाही. एवढ्या छोट्या डोंगरी समाजाने विद्येच्या क्षेत्रात इतका मोठा पल्ला कसा गाठला, आणि त्यासाठी कोणती किंमत मोजली, या दोन्ही गोष्टी एकत्र पाहिल्याशिवाय त्याच्या वारशाचे मोल नीट कळत नाही.

मॅरोनाइट हे नाव मारून या तपस्व्यावरून आले आहे. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तर सीरियातील सिर्रस प्रांतात, एका डोंगरमाथ्यावरच्या जुन्या मूर्तिपूजकांच्या देवळाच्या जागी, तो उघड्यावर राहून तप करीत असे, आणि इ. स. ४१० च्या सुमारास तो वारला. सिर्रसचा बिशप थिओडोरेट याने सीरियातील तपस्व्यांची जी चरित्रे लिहिली त्यांत मारूनचेही छोटे चरित्र आहे, आणि त्याच्याविषयीची जवळजवळ सर्व विश्वसनीय माहिती तेवढीच आहे. मारूनच्या मृत्यूनंतर ओरोंतेस नदीच्या खोऱ्यात त्याच्या नावाचा मठ उभा राहिला. ख्रिस्ताच्या ठायी दैवी आणि मानवी असे दोन स्वभाव आहेत असा निर्णय ४५१ मध्ये कॅल्सेडन येथील धर्मसभेने दिला आणि पूर्वेकडील ख्रिस्ती जग दुभंगले, तेव्हा या मठातील संन्यासी त्या निर्णयाच्या बाजूने ठाम उभे राहिले, आणि त्यांच्याभोवती जमलेल्या शेतकऱ्यांचा व धनगरांचा समाज पुढे मॅरोनाइट म्हणून ओळखला जाऊ लागला. सातव्या शतकाच्या अखेरीस, अरब राज्यविस्तारानंतरच्या धामधुमीत, या समाजाने स्वतःचा पॅट्रिआर्क म्हणजे सर्वोच्च धर्मगुरू निवडला. परंपरा या पहिल्या पॅट्रिआर्कचे नाव योहान्ना मारून असे सांगते. पुढच्या काही शतकांत समाजाचा मोठा भाग सीरियाच्या सपाट प्रदेशातून लेबनॉनच्या डोंगरात सरकला.

या समाजाचे स्थान थोडे वेगळे आहे आणि ते आधीच स्पष्ट केलेले बरे. मॅरोनाइट कॅथलिक आहेत, म्हणजे पोपचे श्रेष्ठत्व ते मानतात. पण त्यांचा उपासनाविधी, त्यांचे पंचांग, त्यांचा पॅट्रिआर्क आणि त्यांचे धर्मनियम रोमहून स्वतंत्र आहेत, आणि विवाहित पुरुषाला धर्मगुरूची दीक्षा देण्याची पूर्वेकडील चाल त्यांच्यात टिकून आहे. त्यांची धर्मभाषा सिरियाक. येशूच्या काळी पॅलेस्टाइनमध्ये बोलल्या जाणाऱ्या अरामाइक भाषेचीच ही एदेसा नगरीत घडलेली वाङ्मयीन शाखा होय. घरची बोली हळूहळू अरबी झाली, तरी मिस्सा या मुख्य उपासनेतील प्रार्थना व गीते सिरियाकमध्ये राहिली, आणि सात किंवा बारा अक्षरांच्या चरणांत रचलेली ही गीते दोन गटांनी आळीपाळीने म्हणण्याची पद्धत आजही चालू आहे. मॅरोनाइटांच्या ‘शरर’ नावाच्या प्राचीन अर्पणप्रार्थनेचे केरळातील सीरो-मलबार ख्रिस्ती वापरतात त्या अद्दाई व मारी यांच्या प्रार्थनेशी इतके जवळचे साम्य आहे की दोन्हींचे मूळ एकच असावे असे अभ्यासक मानतात. भूमध्य समुद्राकाठचा डोंगर आणि मलबारचा किनारा यांच्यामधला हा धागा सिरियाक भाषेने विणलेला आहे.

या संस्कृतीचे हृदय म्हणजे उत्तर लेबनॉनमधील कादिशा दरी. उभ्या कड्यांच्या पोटात कोरलेल्या गुहा, त्यांना लागून बांधलेले मठ आणि त्यांच्याखाली दगडी बांध घालून केलेली पायऱ्यापायऱ्यांची शेती असे या दरीचे रूप आहे. १४४० पासून कित्येक शतके मॅरोनाइट पॅट्रिआर्कचे पीठ येथील कन्नूबीन मठात होते, आणि १९९८ मध्ये युनेस्कोने ही दरी वरच्या देवदार वनासह जागतिक वारशाच्या यादीत घेतली. मठांत शेती, रेशीम आणि द्राक्षे यांच्या जोडीने पोथ्या नकलण्याचे काम चाले. रब्बुला नावाच्या लेखकाने ५८६ मध्ये पूर्ण केलेली शुभवर्तमानांची सचित्र सिरियाक पोथी ख्रिस्ती चित्रकलेच्या इतिहासातील मोजक्या अत्यंत जुन्या चित्रपोथ्यांपैकी एक मानली जाते. ती कित्येक शतके मॅरोनाइट मठांत होती, आणि तिच्या समासांत त्यांच्या पॅट्रिआर्कांनी वेळोवेळी केलेल्या नोंदी आहेत. आज ती फ्लॉरेन्सच्या लॉरेंशियन ग्रंथालयात आहे. मॅरोनाइटांच्या ग्रंथांचे पुढे जे झाले त्याचा हा जणू नमुनाच होय, कारण त्यांचा बराचसा ठेवा पाहायचा तर आजही इटलीला जावे लागते.

रोमशी असलेला संबंध क्रुसेडच्या, म्हणजे जेरुसलेमसाठी झालेल्या धर्मयुद्धांच्या काळात दृढ झाला. टायरच्या विल्यम या इतिहासकाराने ११८२ च्या सुमारास या समाजाची संख्या चाळीस हजारांहून अधिक असल्याचे नोंदवले आहे, आणि १२१५ च्या लॅटेरन धर्मसभेसाठी पॅट्रिआर्क जेरेमिया अल्-अम्शिती स्वतः रोमला गेला होता. क्रुसेडर परतल्यावर हा संबंध क्षीण झाला. त्याला नवे रूप दिले ते पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातील जिब्राईल इब्न अल्-किलाई याने. युरोपात जाऊन शिकलेला हा पहिला मॅरोनाइट समजला जातो. फ्रान्सिस्कन पंथाची दीक्षा घेऊन तो परतला आणि आपल्या लोकांना त्यांचाच इतिहास त्याने ‘जजल’ या बोलीभाषेतील गेय छंदात सांगितला. जजल ही लेबनॉनची लोककविता आहे. तिच्यात दोन शाहीर तबकडीसारख्या डफाच्या तालावर एकमेकांना उत्तरे देत रचना करतात. युनेस्कोने २०१४ मध्ये तिची अमूर्त वारशात नोंद केली, आणि तिचे जे जुने लिखित नमुने हाती आहेत त्यांत इब्न अल्-किलाईच्या रचना महत्त्वाच्या आहेत.

सोळाव्या शतकात रोमने या दूरच्या अनुयायांकडे अधिक बारकाईने पाहायला सुरुवात केली. १५७८ ते १५८२ च्या दरम्यान पोपच्या आज्ञेने जोव्हान्नी बात्तिस्ता एलिआनो हा जेझुइट धर्मगुरू दोनदा लेबनॉनला गेला. त्याने मठांतील पोथ्या तपासल्या आणि ज्यांत पाखंडी मते दिसली असे त्याला वाटले त्या जाळवल्या. नेमके काय जळाले हे आज कोणालाच सांगता यायचे नाही, पण मॅरोनाइट इतिहासाची सुरुवातीची शतके जी इतकी अंधारी राहिली त्याला ही होळीही कारण आहे. विचित्र असे की याच मोहिमेतून या समाजाच्या सर्वांत मोठ्या शैक्षणिक संस्थेची कल्पना निघाली. पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८४ मध्ये रोम येथे मॅरोनाइट महाविद्यालय स्थापन केले. दहा-बारा वर्षांची डोंगरातील मुले जहाजाने इटलीला न्यायची, जेझुइटांच्या हाताखाली त्यांना लॅटिन, इटालियन, तर्कशास्त्र, तत्त्वज्ञान व ईश्वरशास्त्र शिकवायचे, आणि तयार झाल्यावर धर्मगुरू म्हणून मायदेशी धाडायचे, अशी ती योजना होती.

योजनेप्रमाणे बरेच जण परतले. पण ज्यांनी युरोपात राहणे पत्करले त्यांच्या कार्याने या महाविद्यालयाची कीर्ती झाली. त्या काळच्या युरोपात अरबी हस्तलिखितांचे ढीग होते आणि ती वाचणारे मोजके होते. अरबी आणि सिरियाक लहानपणापासून जाणणाऱ्या आणि लॅटिन उत्तम लिहिणाऱ्या या तरुणांची तेथील विद्यापीठांना नितांत गरज होती. जिर्जिस अमीरा याने १५९६ मध्ये रोममध्ये सिरियाक भाषेचे व्याकरण लॅटिनमध्ये प्रसिद्ध केले, आणि तोच पुढे पॅट्रिआर्क झाला. गॅब्रिएल सियोनिता, म्हणजे मूळचा जिब्राईल अल्-सहयूनी, पॅरिसच्या शाही महाविद्यालयात प्राध्यापक झाला. त्याने आणि योहान्ना अल्-हसरूनी याने मिळून अल्-इद्रीसी या बाराव्या शतकातील थोर अरबी भूगोलज्ञाच्या ग्रंथाच्या संक्षेपाचा लॅटिन अनुवाद १६१९ मध्ये प्रसिद्ध केला. हिब्रू, ग्रीक, लॅटिन, सिरियाक, अरबी अशा भाषा शेजारी शेजारी छापलेले पॅरिसचे बहुभाषी बायबल १६४५ मध्ये पूर्ण झाले, त्यातील सिरियाक आणि अरबी भागांचे काम मुख्यत्वे सियोनिता व त्याचा देशबंधू अब्राहम एक्केलेन्सिस यांनी केले. या दोघांचे आपसात मुळीच पटत नसे, आणि पैशावरून व मानावरून त्या कामात झालेली भांडणे पॅरिसच्या विद्वानांत बराच काळ चर्चेचा विषय होती.

एक्केलेन्सिसचे, म्हणजे इब्राहीम अल्-हाकिलानीचे, एक काम धर्माशी काहीही संबंध नसलेले आहे, आणि म्हणूनच ते मुद्दाम सांगण्यासारखे आहे. अपोलोनियस या ग्रीक गणितज्ञाने शंकूच्या छेदांवर म्हणजे लंबवर्तुळ, अन्वस्त आणि अपास्त या वक्रांवर आठ खंडांचा ग्रंथ लिहिला होता. त्याचे पहिले चार खंड मूळ ग्रीकमध्ये टिकले, आणि पाचवा, सहावा व सातवा खंड केवळ अरबी भाषांतरात उरले. मेदिची घराण्याच्या संग्रहातील अरबी हस्तलिखितावरून गणितज्ञ बोरेल्ली आणि एक्केलेन्सिस यांनी त्यांचे लॅटिन रूपांतर केले, आणि ते १६६१ मध्ये फ्लॉरेन्स येथे प्रसिद्ध झाले. ग्रहांच्या कक्षा लंबवर्तुळाकार असतात हे केप्लरने सांगून तेव्हा अर्धशतक लोटले होते, तेव्हा या ग्रंथाची वाट युरोप किती उत्सुकतेने पाहत असेल याची कल्पना करता येते. बोरेल्लीला गणित येत होते पण अरबी येत नव्हते; ती उणीव लेबनॉनच्या एका खेड्यातून आलेल्या माणसाने भरून काढली.

मायदेशी परतलेल्यांनी आपल्यासोबत छपाईची कला आणली. कादिशा दरीतील कोझहय्या मठात १६१० मध्ये स्तोत्रसंहिता छापली गेली. इटलीहून आलेल्या पास्क्वाले एली नावाच्या मुद्रकाने हे काम केले. अरब प्रदेशात यंत्रावर छापलेला हा पहिला ग्रंथ मानला जातो. त्याच्या प्रत्येक पानावर दोन स्तंभ आहेत, एकात सिरियाक मजकूर आणि दुसऱ्यात त्याचे अरबी भाषांतर, पण हे अरबी भाषांतरही सिरियाक लिपीत छापलेले आहे. अरबी भाषा सिरियाक लिपीत लिहिण्याच्या या पद्धतीला ‘गर्शुनी’ म्हणतात. बोली बदलली तरी धर्माची लिपी सोडायची नाही, असा हा निर्धार होता. मराठी वाचकाला यात फारसे नवल वाटू नये, कारण फादर स्टीफन्सचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ अवघ्या सहा वर्षांनी, १६१६ मध्ये, गोव्यातील रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. तेथे परकी लिपी आली ती देवनागरीचे खिळे हाताशी नव्हते म्हणून, तर कोझहय्यात सिरियाक लिपी आली ती आपली म्हणून. कोझहय्याचे यंत्र मात्र या एका ग्रंथानंतर दीर्घकाळ बंद पडले, आणि अरबी लिपीतील छपाई त्या भागात यायला अठरावे शतक उजाडावे लागले. त्यामुळे १६१० च्या घटनेला ‘मुद्रणक्रांती’ म्हणण्याचा जो प्रघात लेबनॉनमध्ये आहे तो थोडा अतिशयोक्त वाटतो.

रोमच्या विद्यार्थ्यांत सर्वांत मोठी दोन नावे म्हणजे इस्तिफान अल्-दुवैही आणि युसूफ सिमआन अल्-सिमआनी. दुवैही एहदेन गावचा. तो १६४१ मध्ये अकराव्या वर्षी रोमला गेला, युरोपात मिळत असलेली पदे नाकारून परतला, गावातल्या मुलांना शिकवू लागला, आणि १६७० पासून १७०४ मध्ये मृत्यू येईपर्यंत पॅट्रिआर्क होता. आपल्या समाजाचा इतिहास त्याने जुन्या पोथ्यांच्या समासांतील नोंदींतून आणि मठांतील कागदपत्रांतून गोळा करून अरबीत लिहिला, आणि त्याच्यावाचून त्या काळाचे चित्र आज उभेच राहिले नसते. आपला समाज कधीही पाखंडी नव्हता हे सिद्ध करण्याची त्याची तळमळ त्या लेखनात जागोजागी दिसते, आणि तेवढ्यापुरते ते सावधपणे वाचावे लागते. ऑगस्ट २०२४ मध्ये कॅथलिक चर्चने त्याला ‘धन्य’ म्हणजे संतपदाच्या आधीची पदवी दिली.

सिमआनी युरोपात आस्सेमानी या नावाने प्रसिद्ध आहे. १६८७ मध्ये जन्मलेला हा विद्वान व्हॅटिकन ग्रंथालयाचा प्रमुख झाला. इजिप्तच्या वाळवंटातील सिरियाक मठांतून हस्तलिखिते मिळवण्याचे जे प्रयत्न पोप अकरावे क्लेमेंट यांनी चालवले त्यांत या घराण्यातील माणसेच पुढे होती. इलियास आस्सेमानीने १७०७ मध्ये विकत घेतलेल्या पोथ्या आणताना नाईल नदीत नाव उलटली, आणि पोथ्या पाण्यातून काढून, गाळ धुऊन, वाळवून रोमला पोचवाव्या लागल्या. युसूफ सिमआनी स्वतः १७१५ मध्ये इजिप्त व सीरियाच्या दौऱ्यावर निघाला आणि पोथ्यांचा मोठा साठा घेऊन परतला. त्यावर आधारलेला त्याचा ‘बिब्लिओथेका ओरिएंतालिस’ हा लॅटिन ग्रंथ १७१९ ते १७२८ या काळात चार भागांत निघाला. सिरियाक वाङ्मय म्हणून काही स्वतंत्र वस्तू आहे, तिच्यात कवी, इतिहासकार, वैद्य आणि तत्त्वज्ञ आहेत, हे पश्चिमेला या ग्रंथाने प्रथम कळले. त्याच्या शेवटच्या भागात भारतातील सेंट थॉमस ख्रिश्चनांविषयीही मजकूर आहे. या थोरवीची दुसरी बाजू अशी की पूर्वेकडील मठ रिकामे होत गेले. विकणारे संन्यासी गरीब होते आणि घेणारा व्हॅटिकनचा माणूस होता, तेव्हा या व्यवहाराला निव्वळ जतन म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. मात्र नंतरच्या युद्धांत किती पोथ्या नष्ट झाल्या हे पाहिले की निव्वळ लूट म्हणणेही जड जाते.

अठराव्या शतकात या विद्येचा ओघ उलट दिशेने, म्हणजे डोंगराकडे, वाहू लागला. अलेप्पो या व्यापारी शहरातील काही मॅरोनाइट तरुणांनी १६९५ मध्ये लेबनॉनमध्ये नवा संन्यासी संघ काढला. विखुरलेल्या मठांना एका नियमाखाली आणणारा हा संघ पुढे शाळांचा मुख्य आधार झाला. त्याच्या संस्थापकांपैकी जिब्राईल फरहात, जो पुढे अलेप्पोचा बिशप झाल्यावर जर्मानुस या नावाने ओळखला गेला, त्याने अरबी भाषेवर असामान्य प्रभुत्व मिळवले होते. अरबी व्याकरणाचे शिक्षण तोपर्यंत कुराणाच्या अध्ययनाशी बांधलेले होते आणि ते मशिदींशी जोडलेल्या पाठशाळांत मिळे. फरहातने एका मुस्लिम पंडिताकडे ते आत्मसात केले आणि ख्रिस्ती विद्यार्थ्यांसाठी अरबी व्याकरणाचे पुस्तक लिहिले. पुढची दीडशे वर्षे ते शाळांतून चालले, आणि त्याच्या सुधारित आवृत्त्या काढणाऱ्यांत अहमद फारिस अल्-शिदयाक आणि बुत्रुस अल्-बुस्तानी हे दोघेही होते. या दोघांचा परिचय पुढे येईलच.

१७३६ मध्ये लुवैझा मठात भरलेली धर्मसभा ही मॅरोनाइट शिक्षणाच्या इतिहासातील मध्यवर्ती घटना आहे. पोपचा प्रतिनिधी म्हणून युसूफ सिमआनी स्वतः तिच्यासाठी रोमहून आला होता. सभेचा बराचसा वेळ धर्मनियम रोमच्या साच्यात बसवण्यात गेला, आणि स्त्री व पुरुष संन्याशांचे एकत्र मठ वेगळे करण्यासारखे निर्णय अनेकांना रुचलेही नाहीत. तिच्या ठरावांतील शिक्षणाचा भाग मात्र आजही थक्क करतो. प्रत्येक गावात, शहरात आणि मोठ्या मठात शाळा असावी; धर्मगुरूंनी मुलांची नावे लिहून काढावीत आणि पालक तयार नसले तरी मुलांना शाळेत आणावे; अनाथ आणि गरीब मुलांच्या अन्नाचा भार चर्चने किंवा मठाने उचलावा; आधी सिरियाक व अरबी वाचन-लेखन, मग स्तोत्रसंहिता आणि नवा करार, आणि बुद्धिमान मुलांना पुढे व्याकरण, संगीत, अलंकारशास्त्र, तत्त्वज्ञान, भूमिती व खगोल असा क्रम असावा, असे त्या ठरावांचे स्वरूप होते. मुलींच्या शिक्षणाचाही त्यांत विचार होता. फ्रेंच राज्यक्रांतीच्या अर्धशतक आधी, ऑटोमन साम्राज्याच्या एका दुर्गम कोपऱ्यात, कोणत्याही राजसत्तेच्या पाठबळाशिवाय केलेला हा सक्तीच्या शिक्षणाचा विचार होता. अर्थात ठराव आणि अंमल यांत अंतर राहिलेच. बहुतेक खेड्यांत ‘शाळा’ म्हणजे चर्चजवळच्या ओक झाडाखाली धर्मगुरूभोवती बसलेली मुले एवढेच असे, आणि म्हणूनच ‘ओकाखालची शाळा’ हा शब्दप्रयोग लेबनॉनमध्ये रूढ झाला. तरीही वाचता येणारा शेतकरी ही त्या डोंगरातील सामान्य गोष्ट होऊ लागली, ती या झाडाखालच्या वर्गांमुळेच.

या ठरावांचे सर्वांत परिपक्व फळ म्हणजे ऐन वरका. पॅट्रिआर्क युसूफ इस्तिफान याने १७८९ मध्ये कसरवान भागातील घोस्ता गावाजवळच्या या मठाचे विद्यालयात रूपांतर केले. नऊ वर्षांनी फ्रेंच सैन्याने रोम व्यापले आणि तेथील मॅरोनाइट महाविद्यालय बंद पडले, तेव्हा त्याची जागा ऐन वरकाने घेतली. सिरियाक, अरबी, लॅटिन, इटालियन, तर्कशास्त्र, तत्त्वज्ञान असा तेथील अभ्यासक्रम होता आणि निवडक मुलांना तो विनामूल्य मिळे. पुढच्या शतकातील पॅट्रिआर्क आणि बिशप येथूनच निघाले. पण ऐन वरकाचे नाव अरबी वाङ्मयाच्या इतिहासात अजरामर केले ते अशा विद्यार्थ्यांनी, ज्यांनी शिक्षण पुरे होताच या चर्चची वाट सोडली.

बुत्रुस अल्-बुस्तानी हा त्यांतील अग्रणी. १८१९ मध्ये जन्मलेला बुस्तानी ऐन वरकात दहा वर्षे राहिला, नंतर बैरूतला अमेरिकन मिशनऱ्यांच्या संपर्कात येऊन प्रॉटेस्टंट झाला आणि बायबलच्या नव्या अरबी भाषांतराच्या कामात त्याने मोलाची मदत केली. १८६० मध्ये मॅरोनाइट आणि द्रूझ या दोन समाजांत भीषण कत्तली झाल्या, तेव्हा त्याने पत्रकांची मालिका काढून देशबांधवांना धर्मापलीकडच्या नात्याची आठवण करून दिली. १८६३ मध्ये त्याने बैरूतमध्ये ‘अल्-मदरसा अल्-वतनिया’ म्हणजे राष्ट्रीय शाळा उघडली, आणि तिचे दार सर्व धर्मांच्या मुलांसाठी मोकळे ठेवले. ‘मुहीत अल्-मुहीत’ हा आधुनिक अरबीचा मोठा कोश आणि १८७६ पासून निघू लागलेला अरबी ज्ञानकोश ही त्याची दोन महाकार्ये होत. ज्ञानकोश त्याच्या मृत्यूनंतर मुलाने व आप्तांनी पुढे नेला. एकट्याच्या बळावर हाती घेतलेला इतका मोठा प्रकल्प आणि त्यामागची शिस्त ऐन वरकातील अभ्यासातून आली होती, यात शंका नाही.

शिदयाक बंधूंची कहाणी अधिक कठोर आहे. असअद अल्-शिदयाक ऐन वरकाचा बुद्धिमान विद्यार्थी. त्याने प्रॉटेस्टंट मत स्वीकारल्यावर पॅट्रिआर्कने त्याला कन्नूबीनच्या मठात कैदेत ठेवले, आणि १८३० मध्ये त्याचा तेथेच अंत झाला. ज्या मठाने शतकानुशतके पोथ्या सांभाळल्या तोच एका वाचणाऱ्या माणसाचा तुरुंग झाला, ही वस्तुस्थिती मॅरोनाइट विद्यापरंपरेच्या गौरवगाथांत सहसा दबक्या आवाजात सांगितली जाते, आणि ती मोठ्याने सांगितली गेली पाहिजे. असअदचा धाकटा भाऊ फारिस त्याच्या कैदेने पेटून देश सोडून गेला. माल्टा, केम्ब्रिज, पॅरिस, ट्युनिस असा प्रवास करत तो इस्तंबूलला स्थिरावला, मध्यंतरी मुसलमान होऊन अहमद फारिस झाला, आणि १८६१ मध्ये त्याने ‘अल्-जवाइब’ हे त्या काळचे सर्वांत प्रभावी अरबी वृत्तपत्र सुरू केले. पॅरिसमध्ये १८५५ साली प्रसिद्ध झालेले त्याचे ‘अल्-साक अला अल्-साक’ हे प्रवासवर्णन, आत्मचरित्र, कोश आणि उपहास यांचे अजब मिश्रण आहे. धर्मगुरूंवर त्यात ओढलेले कोरडे भावाच्या आठवणीने अधिक तीव्र झाले आहेत. अरबी कादंबरीची चर्चा आज या पुस्तकाला वगळून करता येत नाही.

याच काळात इतर क्षेत्रांतही मॅरोनाइट पुढे होते. सिदोनमध्ये जन्मलेला व्यापारी मारून अल्-नक्काश याने इटलीत संगीतिका पाहून आल्यावर १८४७ च्या सुमारास बैरूतच्या आपल्या घरी ‘अल्-बखील’ म्हणजे कंजूष हे नाटक सादर केले. आधुनिक अरबी रंगभूमीची सुरुवात येथून मोजतात. विद्यापीठांच्या बाबतीत अमेरिकन प्रॉटेस्टंटांनी १८६६ मध्ये आणि फ्रेंच जेझुइटांनी १८७५ मध्ये बैरूतमध्ये पाय रोवले. त्यांच्या स्पर्धेत आपली स्वतःची, अरबी भाषेला मान देणारी उच्च शाळा हवी म्हणून बिशप युसूफ अल्-दिब्स याने १८७५ मध्ये ‘अल्-हिकमा’ म्हणजे प्रज्ञा ही संस्था उभारली. मुलींसाठी सातत्याने काम करणारा संघ मात्र उशिरा आला. इलियास अल्-हुवैक, जे पुढे पॅट्रिआर्क झाले, त्यांनी १८९५ मध्ये ‘पवित्र कुटुंब’ या नावाचा भगिनी संघ स्थापला आणि त्याच्या शाळा डोंगरातल्या खेड्यांत गेल्या. १७३६ च्या ठरावानंतर दीडशे वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर हे घडले, ही दिरंगाई क्षम्य म्हणता येणार नाही.

शिक्षण होते पण डोंगरात त्याला साजेसा उद्योग नव्हता, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून शिकलेली आणि न शिकलेली अशी दोन्ही तऱ्हेची माणसे ब्राझील, अर्जेंटिना, अमेरिका आणि पुढे ऑस्ट्रेलियाकडे निघाली. पहिल्या महायुद्धातील दुष्काळात माउंट लेबनॉनची सुमारे एक तृतीयांश वस्ती मृत्युमुखी पडली आणि या स्थलांतराला आणखी जोर आला. परदेशी गेलेल्यांनी छापखाने सोबत नेले. नऊम मुकर्झल या मॅरोनाइट पत्रकाराने १८९८ मध्ये फिलाडेल्फियात ‘अल्-हुदा’ हे अरबी वृत्तपत्र काढले, आणि १९२० मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्थापन झालेल्या ‘लेखणी संघा’ने अरबी कवितेचा सूर बदलून टाकला. त्या संघाचा प्रमुख खलील जिब्रान हा कादिशा दरीच्या माथ्यावरील बशर्री गावचा. तो लहानपणी बोस्टनला गेला होता, पण १८९८ मध्ये अरबी शिकण्यासाठी मुद्दाम परतून अल्-हिकमात दाखल झाला. ‘द प्रॉफेट’ या त्याच्या पुस्तकाचे मोठे यश इंग्रजीतले असले तरी त्याच्या वाक्यांची लय सिरियाक प्रार्थनेच्या आणि अरबी बायबलच्या वळणाची आहे. वि. स. खांडेकरांनी त्याच्या रूपककथा मराठीत आणल्या, त्यामुळे मॅरोनाइट हे नावही न ऐकलेल्या कित्येक मराठी घरांत या परंपरेचा एक अंश पूर्वीच पोचलेला आहे. धर्मगुरूंवर जिब्रानने केलेली टीका शिदयाकच्या इतकीच धारदार होती, तरी १९३१ मध्ये त्याचे पार्थिव बशर्रीलाच आणून तेथील जुन्या मठात ठेवण्यात आले.

विसाव्या शतकात हा वारसा राजकारणात ओढला गेला. १९२० मध्ये फ्रेंच आश्रयाखाली मोठे लेबनॉन अस्तित्वात आले आणि १९२६ च्या राज्यघटनेने प्रत्येक धर्मसमाजाला स्वतःच्या शाळा चालवण्याचा हक्क दिला. त्यामुळे शाळा टिकल्या. पण मुले आपापल्या समाजाच्या भिंतीआड वाढू लागली, आणि बुस्तानीच्या राष्ट्रीय शाळेची कल्पना बाजूला पडली. आपण अरब की प्राचीन फिनिशियनांचे वंशज, हा वाद मॅरोनाइट बुद्धिमंतांत याच काळात पेटला. कवी सईद अक्ल याने तर लेबनॉनची बोली ही अरबीहून वेगळी भाषा आहे असे म्हणत स्वतः बनवलेल्या लॅटिन वळणाच्या लिपीत १९६१ मध्ये ‘यारा’ हा कवितासंग्रह छापला. फरहातपासून बुस्तानीपर्यंत ज्या समाजाने अरबीची इतकी सेवा केली त्यातल्याच एका मोठ्या कवीने तिच्याकडे पाठ फिरवावी, हा हट्ट वाङ्मयापेक्षा राजकारणाचा अधिक होता. त्याची लिपी फारशी कोणी उचललीही नाही. सायप्रसमधील मॅरोनाइटांची गोष्ट याहून वेगळी आणि अधिक निकडीची आहे. तेथील कोर्माकिती गावच्या लोकांची ‘सन्ना’ ही अरबी बोली १९७४ नंतर गाव तुर्की ताब्यात गेल्याने आणि तरुण ग्रीक भाषक भागात विखुरल्याने मरणपंथाला लागली. २००८ मध्ये सायप्रसने तिला अल्पसंख्याक भाषेचा दर्जा दिला, आणि तिच्यासाठी लॅटिन अक्षरांवर आधारलेली लिपी तयार करून तिचे वर्ग चालवले जात आहेत.

आज मॅरोनाइट संन्यासी संघांची कासलिक येथे १९५० मध्ये, लुवैझा येथे १९८७ मध्ये आणि बाबदा परिसरात १९९६ मध्ये सुरू झालेली तीन विद्यापीठे आहेत, आणि त्यांत मुस्लिम विद्यार्थीही शिकतात. खालच्या शाळांची स्थिती मात्र चिंतेची आहे. २०१९ पासूनच्या आर्थिक संकटात लेबनॉनच्या चलनाने नव्वद टक्क्यांहून अधिक मोल गमावले, २०२० च्या बंदरातील स्फोटाने बैरूतच्या अनेक शाळांची पडझड झाली, आणि लेबनॉनमधील बहुसंख्य मुले ज्या खासगी शाळांत जातात त्यांचे शुल्क मध्यमवर्गालाही झेपेनासे झाले. शिक्षक देश सोडून जात आहेत. अशा वेळी १७३६ च्या ठरावांचा गौरव करणारी भाषणे चर्चमध्ये होतात, पण त्या ठरावांत गरीब मुलाच्या खर्चाचा भार कोणी उचलायचा हे स्पष्ट लिहिलेले आहे. लेबनॉनमधील मोठ्या जमीनमालकांत मॅरोनाइट मठांची गणना होते, आणि शाळा वाचवायच्या असतील तर त्या ठरावाची अंमलबजावणी त्यांच्यापासूनच सुरू व्हायला हवी.